एक रुपयाच्या फायली

तेलीबांधा, रायपूर
शनिवार, १२ मार्च २०१६

ती. चारुदादास,
देवश्रीचा शि. सा. नमस्कार.

इकडे सर्व ठीक. मीरावहिनीचा गुडघा कसा आहे? गंधालीची बारावीची परीक्षा चालू आहे, तिला म्हणावं, आत्याने दिलेलं पेन अकाउंट्सच्या पेपरला घेऊन जा. तेलीबांध्याहून चौबे कॉलोनी स्कूटरवर वीस मिनिटं, आणि ही बया पत्र लिहीत बसली, म्हणून हसशील. हस. तुझ्यासमोर बसलं की तू बोलतोस आणि मी ऐकते, हे जन्मभर चाललंय. कागदावर तुला मला मधेच तोडता येणार नाही.

गुरुवारी तुझ्या ऑफिसात तू मला "मॅडम, चाय लेंगे?" असं विचारलंस. माझे साहेब, शिशिर सर, शेजारीच उभे होते. चहा बिनसाखरेचा आला, मी सांगितलं नव्हतं तरी. सरांच्या ते लक्षात आलं नाही.

मग जिन्यात तू हळूच म्हणालास, "देवी, ते कोपऱ्यातली आलमारी सोमवारनंतर पाय. इतकंच सांगून राहिलो." आणि मी "हव" म्हटलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, शाळेतल्या पोरीसारखी मान हलवून आले.

काल ती आलमारी उघडली.

तुमची विमा कंपनी विकायला काढली आहे आणि तिची किंमत ठरवणं हे आमचं काम. लोकांना वाटतं, हप्ते जितके जास्त तितकी कंपनी मोठी. हप्ते कोणीही दाखवतो. आम्ही आधी बघतो, आलेल्या दाव्यांसाठी किती रक्कम बाजूला ठेवली आहे. आजच्या मत्तेवरून किंमत काढा की पुढच्या नफ्यावरून, दोन्ही रस्ते त्याच आकड्यावरून जातात. तो खोटा, तर आमचं सगळं गणित खोटं.

नुकसान पाहायला गेलेल्या सर्व्हेअरचा अहवाल येईपर्यंत दाव्यावर नावापुरता एक रुपया ठेवायचा, ही तुमची पद्धत. तिच्यात वावगं काही नाही. अहवाल आला की रुपया खोडून खरी रक्कम लिहायची. त्या आलमारीत एकसष्ट फायली होत्या. प्रत्येकीत अहवाल होता, त्यावर मिळाल्याची तारीख आणि तुझी सही. संगणकावर मात्र एकसष्ट दाव्यांचे एकसष्ट रुपये. खरे होतात नऊ कोटी वीस लाख.

भाटापाऱ्याच्या धर्मपाल साहूची पोहा मिल जळून दोन वर्षं झाली. अहवाल अडतीस लाखांचा आहे. फायलीत त्याची सतरा पत्रं आहेत. शेवटच्या पत्रात त्याने पैशांचं विचारलेलंच नाही, फक्त तुझी तब्येत विचारली आहे.

संध्याकाळी फोनवर तू सगळं कबूल केलंस. ऑफिस तोट्यात दिसलं असतं तर बंदच केलं असतं, बावीस माणसं घरी बसली असती, आणि घेणारी पार्टी श्रीमंत आहे, सोसेल. "माह्यासाठी नाही केलं, पोट्टी," म्हणालास. माझा विश्वास आहे. म्हणूनच जास्त राग येतो.

बाबा गेल्यावर तुझा पहिला पगार झाला, त्या दिवशी मला समोर बसवून तू नोटांचे गठ्ठे केलेस. दूधवाला, किराणा, माझी फी. "पहिले ज्याले द्याचं त्याचं बाजूले काढ, मंग उरलं ते आपलं." आज माझ्या धंद्यात याच गोष्टीला मोठमोठी नावं आहेत. मी ती तुझ्याकडून शिकले.

आता जे टाळत होते ते लिहिते. हे काम घेताना मी एका कागदावर सही केली, की या कंपनीत माझ्या नात्यातलं कोणी नाही. आडनाव सासरचं, कोण बघतंय? हे काम झालं की मला फर्ममध्ये भागीदारी मिळणार होती. तेव्हा तुला बोलायला मी काही सोवळी नाही. तू एकसष्ट वेळा खोटं केलंस, मी एकदाच. पण तुझ्या खोट्यात बावीस घरं होती, माझ्या खोट्यात मी एकटी.

आज सकाळी शिशिर सरांना मी नात्याचं लेखी कळवलं आणि कामातून बाजूला झाले. भागीदारी गेलीच, बहुतेक नोकरीही जाईल. त्या पत्रात फायलींबद्दल अवाक्षर नाही. सोमवारी अकराला त्यांनी मला बोलावलंय. आलमारीत काय होतं ते मी सांगणार. त्याआधी दहाला तू स्वतः जाऊन सांगितलंस, तर मला सांगायला काही उरणार नाही. उद्या ऑफिस उघडून आकडे भरायला बसू नकोस. संगणकात तारीख राहते, आणि फायलींचे नंबर मी उतरवून घेतले आहेत. ही धमकी वाटेल. आहेच.

मला भीती वाटते, दादा. भाऊबीजेला मी तुझ्या दाराशी येईन, तू उघडशील की नाही माहीत नाही. हे पत्र सुशील घेऊन येतोय. नवरा असला तरी त्याला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला नेहमीसारखं बसव. वहिनीला नमस्कार.

तुझी सख्खी बहीण
(आज सकाळी हे सहीनिशी लिहून दिलं आहे)
देवश्री