एक्सच्या जागी एक

३ जून, सकाळ
आजपासून अभ्यास. सुपरवायझरपदासाठी खात्याची परीक्षा महिनाअखेरीला आहे. वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची संधी. लिफ्टदुरुस्तीत शिड्या चढून डावा गुडघा कामातून गेलाय. सुपरवायझरला खुर्ची असते. बीजगणित सोडलं तर पेपर सोपा. त्यातही ‘सरळ रूप द्या’ हा प्रकार. मुळात वाकडं लिहावंच कशाला?

५ जून
अभ्यास झाला नाही. पुस्तकाला कव्हर घातलं.

८ जून
२(x + ३) − (x − ४). कंस सोडवला, x + २ आलं. पुस्तकात x + १०. पुस्तक जुनं आहे.
सासूबाई आमच्याकडेच असतात. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, कंसाबाहेर वजा असेल तर आतली चिन्हं बदलतात, बसू का जरा, जावईबापू? म्हटलं, आई, मी नुसतं चाळत होतो. या वयात सासूकडून छड्या खायच्या म्हणजे फारच झालं.

११ जून
शोध लागला! कंस सोडवायचाच नाही. एक्सच्या जागी एक ठेवायचा, येईल तो आकडा ज्या पर्यायातून निघेल त्यावर खूण. परवाच्या गणितात अकरा आले. x + १० मध्येही अकरा! लोक उगाच क्लास लावतात. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, एकदा आईला दाखवा. या घरात माझ्या बुद्धीला मान नाही.

१७ जून
सराव जोरात. एका गणितात x + १० आणि १०x + १, दोन्हींतून अकराच. छापणाऱ्याने चुकून दोन बरोबर उत्तरं दिलीत. सासूबाई आतून काहीतरी सांगायला लागल्या. मी पंखा पाचवर केला.

२४ जून
आज आठव्या मजल्याच्या वर, लिफ्टच्या टपावर, गुडघा अडकला. वळेचना. जोडीदाराने खालून विचारलं, काय झालं? म्हटलं, तेल देतोय. तेल आधीच दिलं होतं. दोर धरून नुसता उभा राहिलो. घाबरलो, खरंच घाबरलो. पास व्हायलाच पाहिजे.
घरी येऊन वही घेऊन सासूबाईंकडे गेलो. त्या टीव्ही बघत होत्या. परत आलो. उद्या नक्की विचारणार.

२५ जून
विचारलं नाही. गरजच काय? माझी पद्धत आहे.

३० जून, दुपार
पहिली तीन गणितं झटपट. चौथं: (x² − १) भागिले (x − १). एक ठेवला. वर शून्य, खाली शून्य. पर्यायांत असलं काही नाही. हात वर केला, प्रश्न चुकलाय म्हणून सांगितलं. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, बसा. बसलो नाही. प्रश्न रद्द केल्याचं लेखी मागितलं. घाम फुटला होता, पण माघार घेतली नाही. मोठे साहेब आले, प्रश्न वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि खांद्याला धरून मला खाली बसवलं. तोवर वेळ संपत आलेली. पुढची पाच गणितं त्याच जातीची. अख्खा पेपरच चुकलाय. परीक्षा रद्द होणार.

१८ जुलै, संध्याकाळ
रद्द झाली नाही. निकाल लागला. यादी दोनदा वाचली. मी नाही.
पेपरातलं ते चौथं गणित वहीत लिहून सासूबाईंपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. म्हणाल्या, युक्ती वाईट नव्हती, जावईबापू. एकच्या जागी दोन ठेवले असते तर तीन आले असते, आणि x + १ मध्येही तीनच येतात. मग वजाचा कंस समजावला. चहा निवायच्या आत समजला. पुस्तकातली पुढची पाच मी एकट्याने सोडवली. पाचही बरोबर.
त्यांना फार आनंद झाला. म्हणाल्या, आता पुढच्या वर्षी तुम्हाला कोण अडवतंय?
मी हो म्हटलं. वयाच्या अटीचं मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही.