सोडून दिलेली गणितं

प्रिय सुवासचे बाबा,

तुमच्याबरोबर काम करणाऱ्या तेजूदादांची रजा संपली. परवा ते दोहाला परत निघतायत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुमच्या खोलीतले सगळे ऐकत असतात. मागून कुणी खोकतं, कुणी 'वहिनीला नमस्कार सांग' म्हणून ओरडतं, आणि माझं बोलायचं राहून जातं. शिवाय हे तोंडाने सांगायला मला जमणार नाही. लिहिताना तुमचा चेहरा समोर नसतो, तेवढं बरं.

आधी घरचं सांगते. म्हैस व्यालीय, पारडी झाली. यंदा संत्री कमी धरली. तुमच्या आईचा गुडघा थंडीत दुखतो, पण उन्हात बसून भटमास, म्हणजे सोयाबीनचे दाणे, निवडण्याचा हट्ट काही सुटत नाही. सुवासची उंची माझ्या कानाच्या वर गेली आहे. गेल्या वर्षीची पँट घोट्याच्या वर येते, म्हणून चिडतो.

दोन वर्षांपूर्वी मी शाळेत जाते म्हटल्यावर तुम्ही हसून म्हणाला होतात, 'जा, निदान माझं नाव तरी नीट लिहिशील.' मी तेव्हा रागावले नाही. पाचवीतून शाळा सुटलेली बाई सहावीत बसणार आणि पोटचा मुलगाही त्याच वर्षी सहावीत, याचं मला कौतुकच वाटलं होतं. दोघं बरोबर जाऊ, बरोबर येऊ. पहिल्याच आठवड्यात सुवासने बाक बदलला. वाटेत म्हणाला, 'आई, शाळेत मला हाक मारू नकोस हं.' मी म्हटलं, बरं. तेव्हापासून शाळेत मी सगळ्या पोरांची काकी आहे आणि त्याची कुणीच नाही. मुली माझ्या शेजारी बसायला भांडतात, कारण मी डब्यात मक्याच्या लाह्या जास्त आणते. मला ते आवडायचं. आणि खरं सांगू, गणित तर फारच आवडायला लागलं. गवत कापताना डोक्यात समीकरणं चालायची. उत्तर जुळलं की एकटीच हसायचे.

यंदा आठवीला गणिताला लामसाल सर आले. शिकवतात छान, पण जीभ तिखट. असोजातल्या, दसऱ्याच्या आधीच्या, चाचणीत मला चांगले मार्क पडले आणि सुवास नापास झाला. सरांनी त्याला उभं केलं. म्हणाले, 'तुझ्या आईला शेण काढून, गवत कापून एवढे मार्क पडतात. तू काय करतोस रे? ते गवत खातोस?' सगळा वर्ग हसला. माझ्या शेजारची मुलगीसुद्धा हसली, मग माझ्याकडे बघून तिने तोंडावर हात ठेवला. सुवास सरांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली. काहीतरी बोलायला हवं होतं. आई म्हणून उठायला हवं होतं. पण तिथे मी विद्यार्थिनी होते ना, सरांपुढे कशी उठू?

त्या दिवसापासून तो वरच्या वाटेने, लांबून, एकटा घरी यायला लागला. जेवताना बोलेना. एकदा फक्त म्हणाला, 'तू शाळा सोड ना.' सोडायची नव्हती, हे मला सांगता आलं नाही.

मग सहामाही आली. गणिताचा पेपर हातात पडला आणि सगळं येत होतं. शेवटची, जास्त मार्कांची तीन गणितं तर इतकी ओळखीची की हात आपोआप पुढे गेला. तो मी मागे घेतला. तीनही सोडून दिली. घंटा होईपर्यंत खिडकीतून समोरचा डोंगर बघत बसले. मनाला म्हटलं, आईने एवढंही करू नये का?

निकाल तिहारनंतर, दिवाळी सरल्यावर, लागला. सुवास पास झाला, मी नापास. सर म्हणाले, 'काकींचा दम संपलेला दिसतो.' त्या दिवशी सुवास माझ्याबरोबर खालच्या वाटेने आला. सगळी वाट बडबडत होता. घरी आल्यावर मागून घेऊन मक्याच्या पिठाचा ढिंडो खाल्ला. त्या रात्री मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता तेच आठवलं की जीव नकोसा होतो. तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही ओरडलात, 'शेवटी मुलगा तो मुलगा! बापाचं नाव राखलंन!' खोलीभर मिठाई वाटलीत. मीही इकडे हसले.

गेल्या आठवड्यात सुवास चुलीपाशी अभ्यासाला बसला होता. एका गणितावर अडला. मी ढिंडो घोटत होते, वळूनही न बघता म्हटलं, 'आधी कंस सोडव, मग क्ष सगळे एका बाजूला घे.' त्याने तसं केलं, उत्तर आलं. मग पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, 'आई, हे सहामाहीत होतं. तुला तर ह्याला शून्य आहे.' मी म्हटलं, तेव्हा सुचलं नाही. त्याने बाकीची दोन मला तोंडी विचारली. मी मुद्दाम चुकायचा प्रयत्न केला, पण घाबरून ते जमेना.

त्याने ताट सरकवलं. मला वाटलं ओरडेल. तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा. म्हणाला, 'सर सगळ्यांसमोर म्हणाले मला काही येत नाही. तूपण तेच म्हणालीस. फक्त गुपचूप म्हणालीस.'

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला तो आपणहून उभा राहिला. म्हणाला, 'सर, आईने सहामाहीत ती तीन गणितं मुद्दाम सोडून दिली. तिला सगळं येत होतं.' वर्गात त्याने मला पहिल्यांदाच आई म्हटलं, ते असं. सरांनी मला उभं केलं. 'काकी, परीक्षा म्हणजे काय घरची पंगत आहे? कुणाला आधी वाढायचं, कुणाला मागून, हे तुम्ही ठरवणार?' त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी पोरांच्या मध्ये उभी होते आणि पायाखालची जमीन फाटावी असं वाटत होतं. मग सरांनी सुवासला बस म्हटलं, पण त्याच्याकडे न बघता. आपलं गवताचं बोलणं त्यांनाही आठवलं असावं.

घरी येताना सुवास माझ्यापुढे दहा हात चालत होता. ओढ्यापाशी थांबला. म्हणाला, 'बाबांना खरं सांग. त्यांनी माझ्या नावाने मिठाई वाटलीय. तू सांगितलं नाहीस तर मी चैतातल्या वार्षिक परीक्षेला बसणार नाही.' मी म्हटलं, सांगते. मग तो म्हणाला, 'आणि या वेळी तू बसून राहू नकोस. मी मागे पडलो तर पडलो.' म्हणून हे पत्र. तो आत्ता बाहेर म्हशीला पाणी दाखवतोय आणि दर थोड्या वेळाने दारातून डोकावून मी लिहितेय का बघतोय. त्याला रागावू नका, फोनवर हा विषयही काढू नका, त्याला फक्त जेवलास का एवढं विचारा. चैतात मी येतं ते सगळं लिहिणार आहे. मी त्याच्या पुढे गेले, तर तुमच्या खोलीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी मात्र पुन्हा खोटं हसणार नाही.

तुमचीच,
खीमकुमारी