पेन्शनच्या खात्यातलं माझं नाव

बाबा, तुमच्यामागे आईला मिळणारी पेन्शन अडकली, आणि ती माझ्यामुळे अडकली. मी गुडगावला घरी बसून एका परदेशी कंपनीचं काम करते. ते पगार स्टेबलकॉइनमध्ये देतात, म्हणजे डॉलरला बांधलेलं, फक्त फोनमध्ये असणारं नाणं. रुपये हवेत म्हणून ते मी एका ॲपवर अनोळखी माणसांना विकते. त्यातल्या एकाने मला पाठवलेले रुपये कुणाला तरी लुबाडून आणलेले निघाले. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी बँकेला कळवलं आणि बँकेने अख्खं खातं गोठवलं. खातं आईचं आणि माझं मिळून होतं. तिची औषधं, वीजबिल, सगळं त्यातूनच जायचं.

आम्ही दोघी बँकेत गेलो. "मॅडम, जब तक पुलिस नहीं लिखती, हम कुछ नहीं कर सकते," अधिकारी म्हणाला. मी चिडले. म्हटलं, "मैंने इस पर टॅक्स भरा है. सरकार ने लिया भी है. फिर ये ग़लत कैसे हुआ?" तो थकल्या आवाजात म्हणाला, "टॅक्स लिया है, मॅडम. सही है, ऐसा तो किसी ने नहीं कहा."

तेव्हा तुम्हीच आठवलात. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, थंडीतला रविवार, तुम्ही स्वयंपाकघरात मटार सोलताय. मी कॉलेजात आहे आणि तावातावाने विचारतेय की एक नियम करायला तुमच्या मंत्रालयाला इतकी वर्षं का लागतात. तुम्ही मान वर न करता म्हणता, "चुकीचा नियम कुणाच्या तरी घरात जाऊन बसतो. तो उठवायला मग आम्ही जात नाही. तुला काय कळतंय त्यातलं?" मी तुमच्यासोबत मटार सोलायला घेते. आज उत्तर दिलं असतं. न केलेला नियमसुद्धा घरात येऊन बसतो, बाबा. ही नाणी कुणी काढावीत, त्यांच्यामागे खरे डॉलर आहेत की नाहीत हे कुणी तपासावं, ती विकणाऱ्याने कुणाकडे जावं, याचे कायदे इतर देशांनी केले. इकडे परवानगी नाही, बंदीही नाही. कर तेवढा आहे, आणि बाकीचा अभ्यास चालू आहे. तुमचाही असाच चालू असायचा.

मी वाद घालत असताना आईने पुढे होऊन विचारलं, "बेटा, मेरे अकेले के नाम से खाता खुलेगा?" तो म्हणाला, "बिल्कुल, आंटीजी." पेन्शन आता तिथे येते. परतताना ऑटोत ती म्हणाली, "त्यात तुझं नाव नको गं आता. राग मानू नकोस." मी "अच्छा" म्हटलं. राग आलाच होता, पण तिचा नव्हे. जुनं खातं अजून बंद आहे. पोलिसांना फोन केला की "यहाँ आकर बयान दीजिए" एवढंच ऐकू येतं. ज्याला लुबाडलं त्याला काही परत मिळालं का, तेही विचारलं. कुणाला माहीत नाही.

आईला मी सांगितलंय की ते काम सोडलं. सोडलेलं नाही. कंपनी दुसऱ्या कशात पैसे देत नाही आणि तसं दुसरं काम मला मिळत नाही. या महिन्याचेही कॉइन आले, आणि मी ते एका अनोळखी माणसाला विकले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला सांगू शकणार नाही.