शनिवारचा चौथा भिडू

३ जून, सोमवार

बँकवाल्याने पाय मोडून घेतला. स्कूटर उभी होती, हा तिच्यावरून पडला. शनिवारी माझ्या घरी पोकर असतं, त्याला आता तिघेच उरलो — मी, थोरली ताई आणि वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. तिघांत मजा नाही. ताई दोघांना सहज पुरून उरते.

५ जून, बुधवार

लेकीचा फोन. ती तिच्या आईकडे राहते, गावाच्या दुसऱ्या टोकाला. घटस्फोटात तसं ठरलं. माझ्या वाट्याला रविवार.

"बाबा, काकांना घे की. त्यांना येतं पोकर."

काका म्हणजे तिच्या आईचा आत्ताचा नवरा. मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे सोळा वर्षांच्या मुलीला कळायला हवं.

"मग सांगते त्यांना!" — ठेवला फोन. आईवर गेली आहे.

८ जून, शनिवार

आला. चारला बोलावलं होतं, चारला आला. असा माणूस. हातात कलिंगड. लिफ्ट तपासायची नोकरी करतो. आमची लिफ्ट बघितली आणि जिन्याने वर आला.

आम्ही पैसे लावत नाही. माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या बाद काचा लावतो — साध्या हलक्या किमतीच्या, काळ्या भारी. ज्याच्या काचा संपतील त्याने भांडी घासायची.

खेळतो अगदीच सुमार. थाप मारायची झाली की डावा कान ओढतो. ताईने लगेच ओळखलं, मीही. डॉक्टरला अजून पत्ता नाही. भांडी अर्थातच लिफ्टवाल्याने घासली. स्वच्छ घासली. तेही मला आवडलं नाही.

१५ जून, शनिवार

पुन्हा आला. पत्ते पिसता पिसता चौकशा.

"मागची खोली रिकामीच असते?"

"इथून कॉलेजला थेट बस आहे का?"

"बाथरूमची कडी हलतेय, लक्षात आलंय ना तुमच्या?"

आलंय. बरीच वर्षं हलतेय. डॉक्टर म्हणाला, सवय असते हो, दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतीच तपासायच्या. ताईने पत्ते खाली ठेवले. ताईने पत्ते खाली ठेवले की मला काळजी वाटते.

भांडी डॉक्टरने. दोन कप फोडले.

१६ जून, रविवार

लेकीने ताटातलं काही खाल्लं नाही. काय झालं? "काही नाही रे." मग एकदम — "आईला बढती मिळतेय."

छान, म्हटलं.

"दुसऱ्या शहरात."

मी पाणी प्यायलो.

"कुणाचं काय, ते अजून ठरलं नाहीये."

परत पाणी प्यायलो. ती ताटात रेघा ओढत बसली. पुढे विचारायला हवं होतं. आइस्क्रीम देऊ का, असं विचारलं.

२२ जून, शनिवार

डाव रंगात असताना सरळच विचारलं.

"तुम्ही सगळे जाताय म्हणे?"

"कुठे?" — मग — "छे छे. तसं काही नाही."

आणि कान ओढला! ताईने माझ्याकडे बघितलं. म्हणजे हा माणूस आठ-आठ दिवसांनी माझ्या घरी येऊन बसतो, माझा चहा पितो आणि माझी मुलगी घेऊन जाणार आहे.

मग मी त्याची बिनपाण्याने केली. हातात राण्यांची जोडी असून मागे सरला बिचारा. माझ्याकडे काहीच नव्हतं. सगळ्या काचा माझ्यापुढे. आयुष्यात इतका चांगला खेळलो नव्हतो. अजिबात बरं वाटलं नाही.

२५ जून, मंगळवार

वकिलीणबाईंकडे. "मुलीला काय हवंय?" माहीत नाही. "विचारलं नाहीत?" नाही.

बाहेर आल्यावर ताईला फोन केला. ती म्हणाली, "मग विचार की."

"आणि आईबरोबर जाते म्हणाली तर?"

"तर जाईल."

माझ्या बहिणीला धीर देणं कधी जमलंच नाही.

२९ जून, शनिवार

आज येऊ नका असं कळवणार होतो. राहिलं. चारला हजर — आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर! थेट बाथरूममध्ये. कडी घट्ट करून बाहेर आला, दोनदा लावून काढून दाखवली.

माझं डोकं सटकलं. "तपासून झालं असेल सगळं, तर सांगा तसं."

"झालंच जवळजवळ," म्हणाला. कानाला हातसुद्धा लावला नाही.

"मग पुढच्या शनिवारपासून यायचं कारण नाही."

डॉक्टर स्वतःचे पत्ते वाचत बसला. अजून वाटलेच नव्हते, मागच्या शनिवारचे असतील. लिफ्टवाला उठला, आपला कप विसळून ठेवला, ताईला "येतो" म्हणाला आणि गेला.

ताई म्हणाली, "हे चुकलं तुझं."

म्हटलं, बघू.

३० जून, रविवार

सकाळी बेल. दारात लेक, दोन बॅगा आणि मागे तो, धापा टाकत, पुस्तकांचं खोकं घेऊन.

"आई आणि काका जातायत. मी नाही. मला तुझ्याकडे राहायचंय. पण तू नको म्हणशील अशी भीती वाटत होती, म्हणून काकांना म्हटलं, जरा अंदाज घ्या. आईला त्यांनीच तयार केलं. काल, तुझ्याकडून गेल्यावर."

तो खोकं खाली ठेवेना. मी काही म्हणायची वाट बघत होता.

मी आत या म्हटलं. दोघांना.