आतड्यातला हमाल

३ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प : मेपर्यंत पेपर. विषय पक्का. आतड्याच्या कॅन्सरपेशीवर एक प्रथिन असतं. नसा निरोपासाठी जे रसायन सोडतात, ते हे प्रथिन उचलून पेशीत नेतं. मी त्याला हमाल म्हणतो. हमाल असला तर कॅन्सर यकृतात पसरतो, नसला तर नाही. अकरा वर्षं हेच सांगतोय. फक्त सिद्ध व्हायचं राहिलंय.
टपालानं शौचतपासणीचं किट आलं. इकडे स्वीडनमध्ये, उमेओत, साठीच्या पुढे सगळ्यांना येतं; शौचात लपलेलं रक्त शोधायला. रविवारी करू.

२० फेब्रुवारी, गुरुवार
किट राहिलं. बायको, मार्गित, म्हणाली, गावभर आतड्यांवर भाषणं ठोकतोस आणि स्वतःची एक काडी बुडवायला होत नाही? म्हणालो, मी तज्ज्ञ आहे, मला कळलं असतं.
शौचात लाल. काल बीट खाल्लं होतं.

१४ मार्च
परत लाल. बीट नव्हतं. मूळव्याध. खुर्ची बदलायची.
प्रयोगशाळेतली मदतनीस इल्वा रुग्णांच्या गाठींच्या स्लाइड रंगवते; रंग चढला तिथे हमाल. म्हणाली, सर, हमाल नसलेले कॅन्सरही पसरलेत हो, एकोणीस आहेत. म्हणालो, रंगाची चूक. परत रंगव. म्हणाली, तिसऱ्यांदा?

२ एप्रिल
जिन्यात चक्कर. इल्वानं गाडीत कोंबलं आणि दवाखान्यात नेलं. तपासणीत हिमोग्लोबिन फार कमी निघालं. नाश्ता केला नव्हता, हे कारण असावं.

८ एप्रिल
आतड्यात कॅमेरा घातला. पडद्यावर मीच आधी पाहिलं. डॉक्टरीण कोवळी पोर, समजावायला लागली. म्हणालो, माहीत आहे. तरी ती समजावत राहिली. ऐकत होतो बहुतेक.
मार्गितनं जेवायला वाढलं. मासा होता. चव आठवत नाही.

२४ एप्रिल
सही करून माझ्या गाठीचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत मागवला. इल्वा नको म्हणत होती. मी हट्ट धरला. रंगवला. हमाल नाही! एकही नाही!
म्हणजे पसरलेला नाही. मार्गितला फोन केला, केक घेऊन गेलो. ती म्हणाली, स्कॅन तर होऊ दे रे. म्हणालो, स्कॅन नुसती औपचारिकता. तिनं केक खाल्ला नाही. मी दोन तुकडे खाल्ले.

६ मे, मंगळवार
स्कॅनचा निकाल. यकृतात तीन डाग.
बसनं प्रयोगशाळेत गेलो. दुसरीकडे कुठे जायचं सुचलं नाही. इल्वानं विचारलं, सर, तुमचंही रंगाच्या चुकांत धरू का? टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.
म्हणालो, नको. रंग बरोबर आहे.
तिनं लिहून घेतलं. मग खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.
घरी मार्गित नुकतीच बाहेरून आलेली, दारातच होती. काय म्हणाले रे? यकृतात तीन, म्हणालो. ती बूट न काढताच स्वयंपाकघरात जाऊन बसली. मीही बसलो. तिनं विचारलं, दुखतंय का?
नाही, म्हणालो.
हे मात्र खरं.