नेमतचे वडील कुवेतला असतात

तांता, ९ ऑक्टोबर १९८२

आदरणीय इनायात मावशीस,
सनीयाचा सा. सलाम वि. वि.

तुझे गुडघे आता बरे आहेत हे वाचून जिवात जीव आला. मी मात्र बरी नाही, आणि त्याचं कारण ताप नसून माझी जाऊ आहे. शौकीभावजी आणि करीमान कुवेतहून कायमचे परत आले, ते आमच्याच गल्लीत चार मजली इमारत बांधून. दिवाणखान्यात झुंबर टांगलंय, ते दिवसासुद्धा जळतं. कपडे धुण्याचं यंत्र सुरू करताना बाई आधी खिडकी उघडते, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जावं. काल तिने दरवानाच्या हाती आपला जुना पंखा माझ्याकडे पाठवला. निरोप काय, तर पाती जरा हलतात, पण तुमच्याकडे चालून जाईल. तुमच्याकडे म्हणे!

दर शुक्रवारी सासूबाईंकडे जेवण असतं. बदक शिजलं की छातीचा तुकडा शौकीभावजींच्या ताटात आणि मान माझ्या मुतवल्लीच्या. दोघं एकाच आईच्या पोटचे ना? मग मी रोज संध्याकाळी त्याला सांगते, की अरे, भाऊ बघ कुठे गेला आणि तू अजून मशिदीमागच्या मिठाईच्या दुकानात साखरेचा पाक ओढत बसलायस. कुवेतच्या एका मिठाई कारखान्यात हलवाई हवाय, शौकीभावजी शब्द टाकायला तयार आहेत. हा म्हणतो, मी गेलो तर मौलिदला, पैगंबरांच्या जन्मदिनाला, पोरांच्या साखरेच्या बाहुल्या कोण करणार. गावच्या पोरांची काळजी, घरच्या पोरीची नाही. तो गेला तर आम्हीही माणसांत येऊ. तो तुझंच ऐकतो, म्हणून तू त्याला लिही.

नेमत चौथीत गेली. शहाणी आहे, आम्ही बोलत असतो तेव्हा गुपचूप जेवते, काही मागत नाही.

लोभ आहेच, तो पत्र पाठवून दाखव.
तुझी सनीया

*

तांता, २ नोव्हेंबर १९८२

आदरणीय मावशींस,
मुतवल्लीचा सा. सलाम वि. वि.

कुवेतचा विचार करा असं तुम्ही लिहिलंत. तुमचा शब्द मी कधी टाळला नाही, विचार करतोही आहे. पण मध्ये एक गोष्ट घडली. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गुरुवारी दुपारी मी दुकानाच्या दारात साखर ओढत होतो. शाळा सुटली होती. नेमत मैत्रिणींबरोबर येताना दिसली, मी हात वर केला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान वळवली. एक मुलगी बाहुल्यांपाशी थांबली आणि दुसरीला सांगायला लागली, की नेमतला असल्या बाहुल्या कशाला, तिचे वडील कुवेतला असतात, ते तिच्यासाठी डोळे मिटणारी बाहुली आणणार आहेत. नेमतचा चेहरा असा पांढरा पडला, मावशी, की मला बघवेना. मी सगळ्यांच्या हातावर तिळाच्या वडीचा एकेक तुकडा ठेवला. तिच्यापाशी आलो आणि विचारलं, बेटा, तू कोणाची गं. ती खाली बघत म्हणाली, मुतवल्लींची, ते कुवेतला आहेत. मी म्हटलं, मग त्यांना पत्र लिहिशील तेव्हा आमचाही सलाम कळव.

संध्याकाळी घरी मी विषय काढला नाही. पोरीचा राग नाही आला. पण वाटतं, की खरंच जावं, म्हणजे तिचं खोटं खरं तरी होईल. सनीयाला कळू देऊ नका, ती मारेल पोरीला.

तुमच्या आशीर्वादाचा भुकेला,
मुतवल्ली

*

अलेक्झांड्रिया, १२ नोव्हेंबर १९८२

चि. सनीयास, अ. उ. आ.

तुझ्या सांगण्यावरून मी त्या भल्या माणसाला कुवेतबद्दल लिहिलं, याची मला लाज वाटते. यापुढे एक अक्षर लिहिणार नाही. तुझं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. झुंबर आहे, यंत्र आहे, पंख्याची पातीसुद्धा आहेत, आणि पोटच्या पोरीबद्दल शेवटी दोन ओळी. काय तर म्हणे, काही मागत नाही. अगं, चौथीतली पोर काही मागत नाही, याची तुला भीती कशी वाटत नाही?

आणि बदकाची मान. लग्नानंतर तुम्ही माझ्याकडे आलात, तेव्हा मी जावयाला छातीचा तुकडा वाढला, तर त्याने लाजत मान मागून घेतली होती. त्याला मानच आवडते. तुझी सासू आपल्या मुलाला ओळखते म्हणून मान वाढते. तू इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून जेवतेस आणि तुझं लक्ष मात्र दिराच्या ताटात.

मी कोणाला तरी गप्प राहायचा शब्द दिलाय. गप्प राहणं मला किती जड जातं ते तुला ठाऊक आहे. एवढंच सांगते, की एकदा नेमतच्या शाळेत जाऊन ये. तिथे जे कळेल ते कळो, हात कोणावर उगारायचा नाही.

माया आहे म्हणूनच बोलते.
इनायात मावशी

*

तांता, २५ नोव्हेंबर १९८२

आदरणीय मावशीस,
सनीयाचा सा. सलाम वि. वि.

शाळेत जाऊन आले. दोन वर्षं ज्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला दारातच उभं करून बोळवलं, त्या मला बघताच खुर्चीतून उठल्या. मला बसवलं, पुदिन्याचा चहा मागवला. मग गोड आवाजात म्हणाल्या, नेमतचे वडील कुवेतला असतात, तेव्हा सभागृहासाठी त्यांनी एक टेपरेकॉर्डर पाठवला तर फार उपकार होतील. मला वाटलं शौकीभावजींशी गल्लत झाली, म्हणून हसले. मग वर्गशिक्षिका आल्या. त्यांच्याकडून कळलं, की नेमतचे वडील दर शुक्रवारी फोन करतात, त्यांची गाडी हिरवी आहे, आणि ते परत आले की आई हसायला लागणार आहे.

हे शेवटचं ऐकलं आणि मी चहाचा पेला खाली ठेवला. मग जो संताप आला तो कोणावर काढू कळेना, बाई समोर होत्या म्हणून त्यांच्यावर निघाला. मी सांगितलं, की तिचा बाप मशिदीमागच्या मिठाईच्या दुकानात असतो, टेपरेकॉर्डर हवा असेल तर मंत्रालयाकडे मागा, आणि खुर्ची द्यायची असेल तर कुवेत न विचारता देत जा. बाईंनी माझ्यासमोरचा चहा अर्धा असतानाच उचलायला लावला.

घरी नेमतला विचारलं. हात उगारला नाही. ती म्हणाली, तूच रोज म्हणतेस ना, बाबा कुवेतला गेले तर आपण माणसांत येऊ, म्हणून मी त्यांना पाठवून दिलं.

मग मुतवल्ली आला. त्याला सगळं ठाऊक होतं म्हणे. मी भांडले, की पोर खोटं बोलते आणि तू तिला साथ देतोस. तो म्हणाला, चार जणींत पोर बुडत होती, तिचे केस धरून आणखी खाली दाबायची होती का. मग आवाज न चढवता म्हणाला, दुकानात दिवसभर लोक मला मुतवल्ली म्हणतात. मी शौकीचा भाऊ होतो तो फक्त घरी आल्यावर.

शाळेत मुली नेमतला कुवेतवाली म्हणून चिडवतात, आणि ती माझ्याशी बोलत नाही.

तुझ्या मायेची आज जास्त गरज आहे.
सनीया

*

अलेक्झांड्रिया, ४ डिसेंबर १९८२

चि. सनीयास, अ. उ. आ.

मुख्याध्यापिकेला बोललीस ते छान केलंस. चहा मात्र आधी संपवायचा होतास.

पोर रुसली तर रुसू दे. कुवेतचा बाप तू एका दिवसात काढून घेतलास, आता दुकानातला बाप पत्करायला तिला वेळ लागणारच. तिला उपदेश करू नकोस. जे ती तुझ्या रात्रीच्या जेवणातून शिकली, ते तिथेच पुसलं जाईल. जेवताना शौकीचं नाव काढायचं नाही, करीमानचं नाही, त्यांच्या दरवानाचंसुद्धा नाही. बोलल्याशिवाय घास उतरत नसेल तर कोबीबद्दल बोल.

सगळ्यांना जवळ घे, माझ्या वाटचंही.
इनायात मावशी

*

तांता, ३ जानेवारी १९८३

आदरणीय मावशीस,
सनीयाचा सा. सलाम वि. वि.

तुझा उपाय औषधापेक्षा कडू निघाला. पहिले काही दिवस तोंड शब्दांनी गच्च भरलेलं असायचं आणि मी कोबीबद्दल बोलायचे. मुतवल्लीने विचारलं, तुला बरं नाही का. सगळं सुटलंय असं नाही. समोर झुंबर लागलं की मान अजून वर जाते, आणि करीमानचा आवाज ऐकला की डोकं तापतं. पण ते मी जिन्यातच ठेवून वर येते. कुवेतचं मुतवल्लीने भावाला नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसले होते आणि गप्प होते.

मौलिदच्या आठवड्यात दुकानात इतकी गर्दी, की मीही पुड्या बांधायला गेले. तोपर्यंत नेमत दुकानासमोरून जायचं टाळायची, घरी लांबच्या रस्त्याने यायची. त्या दिवशी आली, ती त्याच मैत्रिणींना घेऊन. एकीने मिठाई चाखली आणि नाक मुरडलं. तिचे वडील म्हणे कैरोहून पत्र्याच्या डब्यातली आणतात, ती याहून चांगली असते. नेमतने दप्तर फळीवर आपटलं. माझ्या बाबांची मिठाई सगळ्या तांत्यात चांगली आहे, कैरोपेक्षा चांगली आहे, आणि कुवेतमध्ये तर कोणाला करताच येत नाही, असं ती इतक्या मोठ्याने म्हणाली की नमाजहून निघालेली माणसं थांबून बघायला लागली.

मी नवी नवी शहाणी झालेली. तिच्या कानाशी वाकून म्हटलं, आपली चांगली आहे एवढंच म्हणावं, दुसऱ्याशी तुलना कशाला.

मुतवल्ली कढईवरून नजर न काढता म्हणाला, आजचा दिवस म्हणू दे तिला.

मग मी पुड्या बांधत राहिले.

माझ्यावर लोभ असू दे. माझ्या धाकट्या बहिणीवर तो जास्त आहे का, हे आता विचारणार नाही.

तुझी सनीया