खंडेनवमीचा पाट

अहो,

कंपनीतली मशीनची पूजा आटोपून याल तेव्हा मी घरी नसेन. शिवलेले ब्लाऊज द्यायला पिंपळे सौदागरला चाललेय. वरण-भात झाकून ठेवलाय. टीव्हीच्या डब्यातलं कार्ड काढून माझ्या पर्समध्ये घेतलंय, आज बातम्या बंद; शोधत बसू नका.

रात्री प्रज्वल "मशीनला कुंकू लावून काय होतं?" एवढंच म्हणाला. तिथून तुम्ही बापलेक निवडणुकीवर कसे पोचलात, देव जाणे. पण ऐकता ऐकता मला एक कळलं. त्यानं तुमच्या पुढाऱ्याला नावं ठेवली की तुम्हाला वाटतं, पोरगं आपल्या उभ्या जन्मालाच हसलं. तुम्ही त्याला धर्मबुडवा म्हटलंत की त्याला वाटतं, बापानं घराबाहेर काढलं. पुढारी आपापल्या घरी जेवून झोपले असतील. उपाशी झोपलात तुम्ही दोघं.

आता मी सांगते तसं करायचं. पाटावर तुमचा पाना आणि त्याचा लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलाय. लॅपटॉपला कुंकू तुम्ही लावायचं, बेतानं, बटणांवर नको. त्याला कुंकू पटत नसेल, तर त्यानं तुमचा पाना तेलाच्या फडक्यानं पुसून द्यायचा. पण हातात एकमेकांचीच वस्तू घ्यायची. त्यालाही बजावलंय, तुम्ही हाक मारलीत की खोलीतून बाहेर येईल. हाक तुम्हीच मारायची.

माझी कात्रीही पाटावरच आहे. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात, असं तुम्हीच म्हणता ना? काल ती दिवसभर कपाटात होती.

कौशल्या